सातारा : किल्ल्याचे, राजधानीचे आणि जिल्ह्याचे नाव

आपल्या मंडळाकडे सभासद-कुटुंबांची माहिती येऊ लागली म्हणजे 'मूळ ठिकाण' ह्या रकान्यात जो शब्द वारंवार आढळतो तो 'सातारा' होय. मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेली कुटुंबे तो लिहितात, पुण्यातील लिहितात, आणि ज्यांची शेतीवाडी आजही विट्यास, तासगावास अथवा शिराळ्यास आहे अशीही कित्येक लिहितात. मग त्यांच्याच घरातील तरुण मंडळी विचारतात की, आपला जिल्हा सांगली असता आजोबांनी सातारा का म्हणून लिहून ठेवले? कोणी तो वृद्धापकाळचा विसर समजतो, तर कोणी जुना दाखला 'दुरुस्त' करून घेण्यासाठी कचेरीत खेटे घालतो. वस्तुतः आजोबांचे काही चुकलेले नसते. 'सातारा' ह्या तीन अक्षरांनी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या मुलुखांचा बोध होत आला आहे. किल्ला, नगर, गादी, राज्य आणि जिल्हा अशा पाच तरी गोष्टींना हे एकच नाव मिळालेले आहे. ते कसे मिळाले हे सांगण्याचा आमचा ह्या लेखात प्रयत्न आहे.

प्रथम नावाच्या व्युत्पत्तीविषयी. किल्ल्यास तट, बुरूज व दरवाजे मिळून सतरा होते, म्हणून 'सतरा' वरून सातारा झाले, असे एक मत जुन्या सरकारी ग्रंथांतून नमूद आहे. शहराभोवती सात डोंगर उभे आहेत, ते सात ताऱ्यांसारखे, म्हणून सातारा, हे दुसरे मत लोकांच्या तोंडी अधिक आहे. हे सात डोंगर कोणते, असे विचारले असता अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर, सज्जनगड इतकी नावे सर्वजण देतात. पुढची नावे मात्र सांगणाऱ्याच्या पेठेप्रमाणे बदलतात. दोन्ही व्युत्पत्ती नाव रूढ झाल्यानंतर सुचलेल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. ज्या नावाचा अर्थ विसरला जातो त्यास लोक जवळचा अर्थ चिकटवून देतात, हा सर्व गावांच्या नावांचा अनुभव आहे. सांगलीचेच पाहा. तेथे सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली, असे कोणी म्हणतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचे गाव म्हणून सांगली, असे दुसरा म्हणतो. आणि मिरजेकडची कानडी जाणणारी मंडळी तिसरीच वाट दाखवितात.

एवढे मात्र निश्चित की, सातारा हे नाव मूळचे शहराचे नव्हे, किल्ल्याचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंचीचा हा किल्ला पन्हाळ्याच्या शिलाहार भोजराजाने बांधला अशी परंपरा आहे. पुढे बहामनी व आदिलशाही अमलात त्याचा उपयोग राजबंद्यांना ठेवण्यासाठी होत असे. विजापूरची चाँदबिबी सोळाव्या शतकाच्या अखेरीस काही काळ येथेच कैदेत होती. शिवछत्रपतींनी १६७३ साली हा किल्ला घेतला. त्या वेळी खाली नाव घेण्याजोगे नगर नव्हते. तेव्हा त्या काळच्या कागदात 'सातारा' आले तर डोळ्यांसमोर डोंगर आणावा, बाजारपेठ आणू नये.

राजाराम महाराज जिंजीहून परतल्यानंतर त्यांनी साताऱ्यास राजधानीचा मान दिला, आणि लगोलग औरंगजेब बादशहा स्वतः किल्ल्याखाली येऊन बसला. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० असा वेढा चालला. किल्लेदार प्रयागजी प्रभू ह्यांनी तो ज्या चिकाटीने लढविला तिची नोंद शत्रुपक्षासही घ्यावी लागली. मोगलांनी मंगळाईच्या बाजूस सुरुंग खणले. एकाचा स्फोट होऊन तट आतील बाजूस कोसळला व काही शिबंदी त्याखाली सापडली. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेर, हल्ल्यास सज्ज असलेल्या मोगलांच्याच अंगावर आला आणि त्यांची शेकड्यांनी माणसे दगावली. परंतु मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले होते. धान्यही संपत आले होते. एप्रिलमध्ये किल्ला तहाने खाली केला गेला. बादशहाने आपला पुत्र आझमशहा ह्याच्या नावे त्यास 'आझमतारा' म्हटले. वेढ्यातील लोकांना धान्य पोहोचू देण्यात ह्या शहजाद्याचेच अंग होते असा प्रवाद ग्रँट डफने नमूद केला आहे. तो खरा असेल तर नामकरण मोठे गमतीचे म्हणावयास हवे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. औरंगजेबाने दक्षिणेतील किल्ल्यांची नावे सरसहा बदलली. तोरण्यास त्याने 'फुतुहुल्गैब' केले, सिंहगडास 'बक्षिंदाबक्ष' केले. मूळ नावाचे एक अक्षरही शिल्लक ठेवले नाही. साताऱ्याच्या बाबतीत मात्र शेवटची दोन अक्षरे त्याच्याही हातून राहिली. इतकेच नव्हे, तर शेजारच्या परळीच्या किल्ल्यास, म्हणजे आपल्या सज्जनगडास, त्याने 'नौरसतारा' असे साताऱ्याच्या वळणाचे नाव दिले. पुढे १७०६ च्या सुमारास महाराणी ताराबाईंच्या पक्षाने किल्ला परत घेतला व त्याचा 'अजिंक्यतारा' झाला. त्या नावातही 'तारा' आहेच, आणि त्यात महाराणींच्या नावाचाही ध्वनी कोणास ऐकू आल्यास नवल नाही. सातारा, आझमतारा, अजिंक्यतारा असा हा प्रवास आहे. अजिंक्य म्हणविला गेलेला हा किल्ला त्यानंतर दोन वर्षांच्या आतच पुन्हा जिंकला गेला, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तो जिंकला शाहू महाराजांनी. बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली, खेडच्या लढाईत त्यांची सरशी झाली आणि ते साताऱ्यावर आले. किल्ल्यात परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूने होते. परंतु हवालदार शेख मिरा ह्याची बायकामुले वाईस शाहू महाराजांच्या हाती लागली, तेव्हा त्याने प्रतिनिधींनाच अटकेत ठेवून दरवाजे उघडले. दिनांक १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांस राज्याभिषेक झाला. पुढे किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी त्यांनी नगर वसविले, त्यास 'शाहूनगर' असे नाव मिळाले. सोमवार, मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, आणि यादोगोपाळ, मल्हार, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशा व्यक्तींची आठवण देणाऱ्या पेठा एकामागून एक उठल्या. सरदार, मुत्सद्दी, चिटणीस, कारखानीस, सराफ, तांबट, विणकर, शास्त्री असे सर्व थरांतील लोक राजधानीच्या आश्रयास आले. आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांच्या टाचणांत 'शाहूमहाराजांचे कारकिर्दीत साताऱ्यास आलो' असे वाक्य असते, त्यांचे पूर्वज ह्याच लोंढ्यात आले, असे समजण्यास हरकत नाही.

'शाहूनगर' हे नाव कागदोपत्री चालले; 'शाहूनगर ऊर्फ सातारा' असाही प्रघात पडला. पण लोकांच्या जिभेवर ते बसले नाही. खडकीचे फत्तेनगर आणि फत्तेनगरचे औरंगाबाद राजाज्ञेने झाले व रुळले. येथे राजा स्वतः लोकप्रिय असूनही त्याच्या नावाचे नगर रुळले नाही. ह्याचे कारण आमच्या मते असे की, लोक ज्या वस्तूकडे पाहून आपले गाव सांगत ती वस्तू म्हणजे डोईवरचा किल्ला होती. शिवाय 'सातारची गादी' हा शब्दप्रयोग एव्हाना दृढ झाला होता. कोल्हापूरकरांची ती करवीरची गादी आणि शाहूंची ती सातारची. ह्या भेदात राजकारण होते, म्हणून नावास धार होती. परिणाम मात्र विलक्षण झाला. नगराने किल्ल्याचे नाव घेतले आणि किल्ला अजिंक्यतारा ह्या नावावर उरला. आज शाहूनगर हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वसाहतीचे नाव आहे.

ह्या गादीचा अंमल कोठपर्यंत चालतो हे ठरविणारा तह १७३१ साली झाला. शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज ह्यांची कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे भेट होऊन एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली. ही वारणा कृष्णेस मिळते कोठे? हरिपूरला, सांगलीपासून अवघ्या दोन मैलांवर. संगमेश्वराच्या घाटावर उभे राहिले असता ऐलतीर सातारच्या छत्रपतींचे आणि वारणेपलीकडचे तीर करवीरच्या छत्रपतींचे, अशी ती वाटणी होती. सांगली हे त्या वेळी लहानसे खेडे होते. पण साताऱ्याच्या नावाचा मुलुख जेथे संपे ते टोक हेच. सांगलीकरांनी ही गोष्ट फारशी सांगितलेली नाही, आणि सातारकरांनी तर मुळीच नाही.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास निवर्तले आणि कारभार पुण्यास गेला. तथापि पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. पुण्याचा कारभारी कितीही प्रबळ असला तरी त्याच्या अधिकारास शिक्का सातारचा लागे. ह्या मधल्या सत्तर वर्षांत राजधानीचे वैभव ओसरले, नाव तेवढे उरले, असे इतिहासकार लिहितात. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, नाव उरले म्हणूनच १८१८ साली इंग्रजांस ते उपयोगी पडले. पेशव्यांचे राज्य बुडविताना छत्रपतींची गादी आम्ही पुन्हा उभी करतो असे त्यांना म्हणता आले. प्रतापसिंह महाराजांस त्यांनी गादीवर बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य आखून दिले. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री, पूर्वेकडे पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलुख. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट आणि वाईचे शेख मिरा असे जहागीरदार ह्या राज्याशी जोडलेले होते. 'सातारा' हे एका आखीव राज्याचे नाव झाले ते ह्याच वेळी. आणि ते पुरते तीस वर्षेही टिकले नाही.

प्रतापसिंह महाराजांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण आजचे सातारा शहर पुष्कळ अंशी त्यांचे आहे. त्यांनी रुंद रस्ते आखविले, महादऱ्याचे पाणी शहरात आणविले, राजवाडा बांधविला, शाळा काढली, छापखाना घातला, स्वतःची रोजनिशी ठेवली. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ ह्याने मराठ्यांच्या इतिहासाची साधने येथेच गोळा केली व १८२६ मध्ये तो तीन भागांत प्रसिद्ध केला; मराठ्यांचा इतिहास इंग्रजी वाचणाऱ्या जगास प्रथम सविस्तर कळला तो सातारच्या दफ्तरांच्या आधारे. परंतु तहातील कलमे जशीच्या तशी पाळली जावीत असा ह्या राजाचा आग्रह होता आणि जहागीरदारांवरील हक्काच्या प्रश्नावरून मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले. कटाचे आरोप ठेवण्यात आले. अपराध कबूल करा, गादी राहील, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला.

त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. इंग्रजीचा गंध नसलेला हा पुरुष १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिला, भाषा शिकला, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून बोलला, पत्रके छापून वाटली. त्यांचा धनी वारला तरी ते परतले नाहीत. इकडे गादीवर बसविलेले शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. त्यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला होता व रेसिडेंट फ्रियर ह्याचे मत राज्य खालसा करण्यास प्रतिकूल होते. तरीही डलहौसीने दत्तक नामंजूर केला. झाशी, नागपूर नंतरची. त्या धोरणाखाली पहिले गेले ते सातारा. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले, आणि १८५७ साली सातारच्या उठावाच्या सिद्धतेत त्यांचे नाव पुढे आले. ते स्वतः सापडले नाहीत, पुढेही कधी सापडले नाहीत. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शासन झाले. काहींना फाशी, काहींना गोळी, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र होता. साताऱ्याच्या नावात 'सतरा' शोधणाऱ्यांनी ही सतरा माणसेही ध्यानात ठेवावीत. चारभिंती येथे त्यांचे स्मारक आहे. शहरात जाणारे पुष्कळ सभासद तेथे संध्याकाळची हवा खाण्यास जातात आणि स्मारकावरील मजकूर न वाचताच परततात.

राज्य खालसा झाले आणि 'सातारा' हे इंग्रजी जिल्ह्याचे नाव झाले. ह्या जिल्ह्यात तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळा हा सर्व मुलुख होता. आपल्या आजोबांच्या लेखनाचे मूळ येथे आहे. १९१० साली विट्यास जन्मलेला मनुष्य सातारा जिल्ह्यातच जन्मला. १९४३ नंतर नाना पाटील, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड आदींनी जे प्रतिसरकार चालविले त्यास 'सातारचे प्रतिसरकार' म्हणतात. परंतु नानांचे येडेमच्छिंद्र, नायकवडींचे वाळवे आणि तुफान सेनेचे कुंडल ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या मंडळींनी ह्या चळवळीवर आपापला हक्क सांगावा आणि दोघांचेही खरे असावे, असा हा प्रसंग आहे.

सांगलीचे नाव मात्र ह्या सर्वांहून स्वतंत्रपणे वाढले, हे स्पष्ट केले पाहिजे. मिरजेच्या पटवर्धनांतील वाटणीनंतर १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेबांनी सांगलीस आपली राजधानी केली. पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार. त्यांचा इंग्रजांशी तह निराळा झाला. ते सातारच्या जहागीरदारांपैकी नव्हते. त्यांनी गणेशदुर्ग बांधला, कृष्णाकाठी गणपतीचे देवालय उभारले, आणि त्यांच्याच आज्ञेने विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. तेव्हा नाटकाचे श्रेय सांगलीचे आणि ते निर्विवाद आहे. त्यात सातारकरांनी वाटा मागू नये. साताऱ्याचे धन निराळे आहे. राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचे नाव घातले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यास आणली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसवून जेवू घातले. राजधानी गेल्यानंतर ह्या शहरास पुन्हा महाराष्ट्रभर नाव मिळाले ते विद्येमुळे. कंदी पेढ्यामुळेही मिळाले, हे आम्ही नाकारीत नाही.

मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९४९ साली जुन्या जिल्ह्याचे दोन भाग पडले. तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळा हे तालुके घेऊन व संस्थानी मुलुखातील मिरज आणि जत त्यांस जोडून जो जिल्हा झाला त्याचे ठाणे सांगली, पण नाव 'दक्षिण सातारा'. राहिलेला तो 'उत्तर सातारा'. जी सांगली कधीच सातारच्या कागदात नव्हती ती अकरा वर्षे सातारा ह्या नावाखाली नांदली! महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली दक्षिण सातारचे 'सांगली' झाले आणि उत्तरेचे पुन्हा नुसते 'सातारा' झाले.

म्हणून घरातील जुना कागद हाती घेतला असता प्रथम त्यावरील सन पाहावा, नंतर गाव, आणि सर्वांत शेवटी जिल्हा. शाळा सोडल्याच्या १९५५ च्या दाखल्यावर 'द. सातारा' असेल तर तो सांगलीचाच दाखला होय. तो बदलून घेण्याचे कारण नाही. १८३० च्या कागदात 'सातारा राज्य' असून गाव पंढरपूरकडील असेल तर गोंधळून जाऊ नये. ह्याच्या उलट प्रकारही आहे. मंगळवेढ्याकडील काही कुटुंबांच्या कागदांत 'संस्थान सांगली' असते, आणि शहापूर, तेरदाळ व शिरहट्टी येथील कुटुंबांच्याही असते, कारण हे सर्व सांगली संस्थानचे तालुके होते; आज त्यांपैकी मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात आणि इतर कर्नाटकात आहेत. अशा घरांनी आपले मूळ सांगली शहरात शोधू नये; वाडा सापडणार नाही आणि भाडेखर्च मात्र होईल. पुढील वर्षीच्या माहितीपत्रकात 'मूळ ठिकाण' ह्या एका रकान्याऐवजी गाव, तालुका आणि कागदाचा सन असे तीन रकाने ठेवावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिली आहे.